यंत्रावर यंत्राचा पहारा : कोल्हापूरचा सायलेंट ऑब्झर्व्हर आणि ऑनलाइन एफ फॉर्म

मार्च २०१० मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या सोनोग्राफी केंद्रचालकांच्या हाती जिल्हाधिकारी कार्यालयाचं एक परिपत्रक पडलं. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी त्यात दोन गोष्टी बजावल्या होत्या. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म (कायद्याने सक्तीचा नोंदीचा कागद) २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायचा आणि सोनोग्राफी यंत्राला पडद्यावरचं चित्रण साठवणारी ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाची पेटी जोडून घ्यायची. तेव्हा लक्ष्मीकांत देशमुख तिथे जिल्हाधिकारी होते. रेडिओलॉजिस्टांची संघटना या परिपत्रकाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २६ ऑगस्ट २०११ रोजी हरली. निकालानंतर या प्रयोगाची बरीच वाहवा झाली. खरं काय साधलं आणि काय निसटलं, याचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडला नाही. नव्या तंत्राचा समाजावरचा दुष्परिणाम सरकारने दुसऱ्या तंत्राने आवरू पाहिला, तर कुठे यश येतं आणि कुठे हात टेकावे लागतात, हे या एका प्रकरणात स्वच्छ दिसतं.

आकडा घसरला कुठे आणि का

निसर्गतः १००० मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. ० ते ६ वयोगटातलं महाराष्ट्राचं प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होतं, म्हणजे जवळपास तेवढंच. २००१ मध्ये ते ९१३ झालं आणि २०११ मध्ये ८९४. कोल्हापूर जिल्हा १९९१ ते २००१ या दहा वर्षांत ९३१ वरून ८३९ वर आला. पन्हाळा तालुक्यात तर २००१ ला ७९६ उरल्या होत्या.

पन्हाळा काही दुष्काळी पट्टा नव्हे. ऊस, साखर कारखाने, दूध संघ, बागायती जमीन, डांबरी रस्ते आणि तालुक्याच्या गावी सोनोग्राफी. गरिबी आणि अडाणीपणा ही नेहमीची दोन कारणं इथे लागू पडत नाहीत. इथलं गणित वेगळं आहे. घरात चार अपत्यं होत असत तेव्हा एकही मुलगा नसण्याची शक्यता जेमतेम ६ टक्के होती. कुटुंब दोन अपत्यांवर आलं की ती २४ टक्क्यांवर जाते. चार घरांमागे एका घरात ‘वारस’ नाही. त्यातच सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. जमीन वाटायची भीती, हुंड्याचा खर्च, लहान कुटुंबाची हौस हे सगळं आधीपासून होतंच. हातात यंत्र आल्यावर या इच्छेला वेळापत्रक मिळालं. सोनोग्राफीने मुलग्याचा हव्यास जन्माला घातला नाही, पण तो अमलात आणणं स्वस्त, जलद आणि घराजवळ करून ठेवलं. अशा तंत्राचं नियमन अवघड असतं, कारण तेच यंत्र, तीच बाई, तोच टेबल आणि तीच दहा मिनिटं बाळंतपण सुखरूप होण्यासाठीही लागतात.

कायदा मोजत गेला, धंदा सरकत गेला

गर्भजलपरीक्षा भारतात १९७०च्या दशकाच्या मध्यात आली. जनुकीय दोष शोधायला आलेली ही चाचणी दहा वर्षांत मुंबईत लिंग सांगण्यासाठी जाहिराती देऊन विकली जाऊ लागली. १९८०च्या दशकाच्या मध्याला मुंबईत गर्भलिंगचाचणीविरोधी मंच उभा राहिला आणि त्या रेट्याने १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा (पुढे पीसीपीएनडीटी या नावाने ओळखला गेलेला) १९९४ चा. तो लागू व्हायला १ जानेवारी १९९६ उजाडला.

केंद्राच्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली ती जनुकीय समुपदेशन केंद्र, जनुकीय प्रयोगशाळा आणि जनुकीय चिकित्सालय यांना. गल्लीतला सोनोग्राफीवाला म्हणे, माझ्याकडे जनुकीय काहीच नाही, मी फक्त पोट बघतो. कायद्याच्या व्याख्येत सोनोग्राफी होती, पण नोंदणीच्या वहीत ती यंत्रं नव्हती. आरोग्य आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या सेहत व मासूम या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने राज्यांना फैलावर घेतलं आणि डिसेंबर २००१ मध्ये यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांकडून मागच्या पाच वर्षांतल्या ग्राहकांच्या याद्या मागवल्या. या एका आदेशाला कायद्याच्या इतिहासात मिळतं त्यापेक्षा जास्त महत्त्व द्यायला हवं. यंत्रं किती विकली गेली आणि नोंदलेली किती, ही वजाबाकी तोपर्यंत कुणी केलीच नव्हती.

१४ फेब्रुवारी २००३ पासून सुधारित कायदा लागू झाला. सोनोग्राफी यंत्र असलेली प्रत्येक जागा, अगदी गाडीसुद्धा, कक्षेत आली. नोंदणी नसलेल्याला यंत्र विकणं बेकायदा ठरलं आणि प्रत्येक गर्भवतीचा एफ फॉर्म भरणं सक्तीचं झालं. फॉर्ममध्ये उणीव राहिली तर तो गुन्हाच समजायचा आणि तसं नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचं, अशी तरतूद कलम ४(३) मध्ये बसली.

थोडक्यात, कायद्याने आधी चाचणी मोजली, मग केंद्र, मग यंत्र, मग कागद. प्रत्येक पायरीवर धंदा न मोजलेल्या जागी सरकला. शेवटची न मोजलेली जागा होती डॉक्टरच्या तोंडचं वाक्य. ‘पेढे वाटा’ किंवा ‘जिलेबी आणा’ एवढं म्हटलं की काम झालं. कागदावर काहीच उमटत नाही. कोल्हापूरच्या पेटीचा नेम याच जागेवर होता.

पेटीत काय असतं

सोनोग्राफी यंत्राला पडद्याचं चित्र बाहेर काढणारं एक व्हिडिओ पोर्ट असतं. त्यातून प्रिंटर किंवा दुसरा मॉनिटर जोडतात. सायलेंट ऑब्झर्व्हर त्याच पोर्टला जोडतात. यंत्रावर जे दिसतं ते तारीख-वेळेसह पेटीत साठत जातं. चित्रं इंटरनेटवरून कुठे जात नाहीत, पेटीतच राहतात आणि समुचित प्राधिकाऱ्याच्या (या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) परवानगीनेच उघडायची असतात. उच्च न्यायालयात रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा आला तेव्हा ही रचना सरकारच्या बाजूने कामी आली.

आता तिच्या मर्यादा. पेटीला कान नसतात, त्यामुळे ज्या वाक्यासाठी हा सगळा खटाटोप ते वाक्य तिच्यात नाहीच. दिसते ती प्रोबची (यंत्राच्या पोटावर फिरवायच्या भागाची) हालचाल. मांड्यांच्या मधल्या छेदावर प्रोब किती वेळ रेंगाळला हे कळतं, पण विसाव्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टर मांडीचं हाड मोजायला त्याच भागात असतो. हालचाल संशयास्पद की रीतसर, हे दुसरा रेडिओलॉजिस्टच सांगू शकतो.

मग पाहायला किती वेळ लागेल? एका केंद्रावर दिवसाला ३० गर्भवती, प्रत्येकी ८ मिनिटं धरा. चार तासांचं चित्रण झालं. जिल्ह्यात अशी १०० केंद्रं असली तर रोज ४०० तास. एवढं पाहायला रोज आठ-आठ तास बसणारे ५० तज्ज्ञ लागतील. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या पीसीपीएनडीटी कक्षात बहुधा एक कायदा सल्लागार आणि एक-दोन कर्मचारी असतात. तेव्हा पेटी रोजची देखरेख करते ही समजूत सोडून द्यावी. तिचा खरा उपयोग नंतरचा आहे. संशय दुसऱ्या मार्गाने आला की ठरावीक तारखेचं, ठरावीक बाईचं चित्रण काढायचं. आणि त्याहून मोठा उपयोग मोजदादीचा. पेटीत ४१ तपासण्या आणि एफ फॉर्म ३६ असतील तर पाच बायका कागदावरून गायब आहेत, आणि हे कळायला रेडिओलॉजिस्ट लागत नाही.

बिघाडाच्या जागाही ठरलेल्या. वायर काढून ठेवणं, ‘लाइट गेली होती’ हे उत्तर, घड्याळ चुकीचं लावलेलं असणं, यंत्र दुरुस्तीला गेल्यावर पेटी बाजूला पडणं आणि साठवण भरल्यावर जुनं चित्रण पुसलं जाणं. म्हणून पेटी बसवताना चार गोष्टी नोंदवाव्या लागतात: यंत्राचा व प्रत्येक प्रोबचा अनुक्रमांक, पेटीचा अनुक्रमांक, दोघांची घड्याळं जुळवल्याची वेळ आणि किती दिवसांचं चित्रण मावतं. केंद्राने वीज गेल्याची आणि दुरुस्तीची वही ठेवायची. वीज मंडळाच्या नोंदीशी ती पडताळली की बहुतेक थापा तिथेच उघड्या पडतात.

एफ फॉर्म : खरं हत्यार हे होतं

प्रसिद्धी पेटीला मिळाली, काम फॉर्मने केलं. नियमाप्रमाणे केंद्राने महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यायचा. १ तारखेला सोनोग्राफी झालेल्या बाईचा कागद ३५ दिवसांनी कार्यालयात पोचतो. तेव्हा १५ आठवडे असतील तर आता २० झाले. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं आणि गठ्ठा कपाटावर चढतो. २४ तासांच्या अटीने हा उशीर संपवला. शिवाय हाताने लिहिलेल्या हजारो कागदांतून जे शोधणं अशक्य होतं, ते संगणकावर दोन मिनिटांत चाळता येऊ लागलं.

२०१४ पासूनच्या सुधारित एफ फॉर्मचे चार भाग आहेत. अ भागात सगळ्यांची माहिती, ब मध्ये सोनोग्राफीसारख्या विनाछेद तपासण्या, क मध्ये गर्भजल काढण्यासारख्या छेद असलेल्या चाचण्या, ड मध्ये बाईची आणि डॉक्टरची घोषणा. सोनोग्राफीसाठी २३ कारणांची यादी आहे, त्यातलं लागू पडेल ते निवडायचं.

नमुन्यादाखल एक फॉर्म घ्या. वय २७. जिवंत अपत्यं: मुली दोन, सहा आणि तीन वर्षांच्या, मुलगा नाही. गर्भ १५ आठवडे ४ दिवस. पत्ता ७० किलोमीटरवरच्या तालुक्यातला. शिफारस कुणाची, तर ‘स्वतः’. कारण: गर्भाची वाढ तपासणे. निष्कर्ष: नॉर्मल. सह्या जागच्या जागी. यातला एकही रकाना बेकायदा नाही आणि तपासणीला आलेला अधिकारी हा फॉर्म ‘परिपूर्ण’ म्हणून बाजूला ठेवील. पण जाणकाराची नजर १५ आठवडे ४ दिवसांवर अडकते. पहिल्या तिमाहीची तपासणी ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळात करतात, व्यंग शोधणारी १८ ते २० आठवड्यांना. मधल्या १४ ते १७ आठवड्यांत नेहमीच्या बाळंतपणात सोनोग्राफी सहसा लागत नाही. लिंग मात्र याच सुमारास बऱ्यापैकी खात्रीने दिसू लागतं, आणि पाडायचं ठरलं तर वेळही हातात असतो.

म्हणून चाळणी एका रकान्यावर लावायची नसते. १४ ते १७ आठवडे, फक्त मुली असलेली, स्वतःहून आलेली आणि दूरच्या पत्त्याची, अशी चारही लक्षणं जुळणाऱ्या फॉर्मचं प्रमाण प्रत्येक केंद्रासाठी काढायचं आणि तालुक्यातल्या इतर केंद्रांशी ताडायचं. इथे एक चूक हमखास होते. फक्त मुली असलेल्या बायका जास्त दिसल्या की लगेच बोट रोखलं जातं. मुलगा झाल्यावर पाळणा थांबवणारी घरं आपल्याकडे पुष्कळ, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या गर्भवतींत मुलीच असलेल्या बायका प्रामाणिक केंद्रातही जास्तच येणार. तुलना ५० टक्क्यांशी नव्हे, शेजारच्या केंद्रांशी करायची.

चाळणीत अडकलेल्या केंद्राची मग जुळवणी होते. एफ फॉर्मची संख्या, पावतीपुस्तक, यंत्राच्या स्वतःच्या हार्डडिस्कमधली रुग्णयादी, पेटीतल्या तपासण्या आणि थर्मल पेपरच्या रोलची खरेदी, हे पाचही आकडे समोरासमोर ठेवायचे. डॉक्टर बाहेरगावी असलेल्या तारखांनाही सह्या आहेत का, तेही बघायचं. नियमांनुसार दर ९० दिवसांनी केंद्राची तपासणी व्हायला हवी आणि सल्लागार समितीच्या दोन बैठकांत ६० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. प्रत्यक्षात तपासणी म्हणजे फलक लावलाय का, कायद्याचं पुस्तक आहे का आणि नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, एवढीच उरकली जाते.

कागदी चुकांवरून होणाऱ्या कारवायांवर डॉक्टरांचा राग आहे आणि तो सगळाच खोटा नाही. मधलं नाव राहिलं म्हणून यंत्र सील झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ३ मे २०१९ च्या निकालाने नोंदींची सक्ती आणि शिक्षा दोन्ही कायम ठेवल्या, कारण बंद खोलीतल्या गुन्ह्याचा फॉर्म हाच एकमेव माग असतो. हे पटण्यासारखं आहे. पण कार्यालयाचा सगळा वेळ रिकाम्या रकान्यांच्या मागे गेला तर फायदा कुणाचा होतो? लिंग सांगून पैसे घेणारा डॉक्टर आपले फॉर्म कधीच अर्धवट ठेवत नाही.

श्रेयाचा हिशेब

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर ८३९ वरून ८६३ वर आलं आणि अनेकांनी ही वाढ थेट पेटीच्या नावावर जमा केली. मार्च २०११ ला ० ते ६ वयात असलेली मुलं मार्च २००४ ते फेब्रुवारी २०११ या ८४ महिन्यांत जन्मलेली. परिपत्रक मार्च २०१० चं. त्यानंतर चौथ्या महिन्याची सोनोग्राफी झालेल्या बाया बाळंत झाल्या सप्टेंबरपासून पुढे. म्हणजे ८४ पैकी फार तर सहा महिन्यांवर पेटीचा परिणाम झाला असेल. २४ अंकांची वाढ त्यातून येत नाही. तिची कारणं २००३ नंतरची नोंदणी, स्वयंसेवी संस्थांची स्टिंग आणि जनजागृती यांत शोधावी लागतील. आणि त्याच काळात, त्याच कायद्याखाली, बीड ८९४ वरून ८०७ वर कोसळलं, हेही शेजारी लिहून ठेवावं लागेल.

मासिक आढाव्यात दुसरी गफलत होते ती लहान आकड्यांची. वर्षाला १०० जन्म होणाऱ्या गावात काहीही गैर न घडता प्रमाण एका वर्षी ७८६ आणि पुढच्या वर्षी ११७४ येऊ शकतं. निव्वळ योगायोग. त्यावर सरपंचाचा सत्कार करणं किंवा आरोग्यसेविकेला नोटीस काढणं, दोन्ही सारखंच निरर्थक. ६० हजार जन्म असलेल्या जिल्ह्यात मात्र १५-२० अंकांपलीकडचा फरक गांभीर्याने घ्यावा. जास्त बोलका आकडा वेगळाच आहे. पहिली मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या खेपेला जन्मलेल्या बाळांचं प्रमाण काढायचं. देशपातळीवर हे प्रमाण १९९० मध्ये ९०६ होतं, २००५ पर्यंत ८३६ वर आलं. पहिल्या खेपेची बाळं एकत्र मोजली की हा उतार झाकला जातो. जन्मनोंदणीत अपत्यक्रम लिहिलेला असतोच, फक्त तो तसा वेगळा काढून पाहणारा हवा.

गळती

२०१२ च्या मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या परळीत गर्भपातादरम्यान एका विवाहितेचा मृत्यू झाला. ज्या दवाखान्यात हे घडलं तो आधीच एका स्टिंगमध्ये सापडलेला होता, तरी सुरूच होता. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला असाच एका बाईचा जीव गेला आणि पोलिसांना ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भपात करणारा होमिओपॅथीचा पदवीधर होता आणि तपासाचे धागे सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या डॉक्टरांपर्यंत गेले.

म्हैसाळ कोल्हापूरपासून ५०-६० किलोमीटरवर. पेटी, ऑनलाइन फॉर्म आणि उच्च न्यायालयाचा निकाल हे सगळं असलेल्या जिल्ह्याच्या कुशीत हे चाललं होतं. धंद्याचे तीन तुकडे केले होते: गिऱ्हाईक आणणारा एजंट एका गावात, निदान दुसऱ्या राज्यात, गर्भपात तिसऱ्या ठिकाणी. जिल्ह्यापुरतं नियमन अशा साखळीपुढे तोकडं पडतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, धुळे, नंदुरबार अशा सीमेवरच्या जिल्ह्यांना शेजारच्या राज्यातल्या प्राधिकाऱ्याशी नोंदणीकृत यंत्रांच्या याद्या आणि संशयित एजंटांची नावं यांची देवाणघेवाण केल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरी गळती पोर्टेबल यंत्रांची. बॅगेत मावणारं यंत्र गाडीतून फिरवता येतं. २०१२ च्या नियमांनी ते नोंदणी झालेल्या आवारात दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरायची मुभा ठेवली आणि एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करता येईल असं ठरवलं. नव्या यंत्रांवर याचा बराच परिणाम झाला. जुनं, वापरलेलं, भंगारात काढलं असं कागदावर दाखवलेलं यंत्र मात्र कुठल्याच यादीत राहत नाही. यंत्र मोडीत काढताना प्रोब आणि मुख्य बोर्ड प्राधिकाऱ्यासमोर निकामी करून पंचनामा करणं, हा यावरचा साधा उपाय आहे.

चुकीच्या जागी पडलेला घाव

परळीनंतर औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांवर मोर्चा वळवला. चौकशीचा ससेमिरा नको म्हणून महाराष्ट्रातल्या पुष्कळ औषध दुकानांनी त्या ठेवणंच बंद केलं. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी असतात. नवव्या आठवड्याला सोनोग्राफीत लिंग दिसत नाही, त्यामुळे या कारवाईने लिंगनिवडीला आळा बसण्याचा प्रश्नच नव्हता. १९७१ च्या कायद्याने मिळालेला सुरक्षित गर्भपाताचा हक्क मात्र आक्रसला आणि बाया पुन्हा म्हैसाळसारख्या ठिकाणांच्या दारात उभ्या राहिल्या.

ऑनलाइन फॉर्ममध्येही हाच धोका दबा धरून आहे. ‘दोन मुली, १५ आठवडे’ ही यादी आशा सेविकेच्या हाती देऊन त्या बाईच्या घरी चकरा मारायला लावलं, तर पाळत डॉक्टरवर न राहता बाईवर बसते. सासरच्या दडपणाखाली असलेल्या बाईला हे दुहेरी होतं. कायद्याने गर्भवतीला आरोपी केलेलं नाही, तिच्यावर सक्ती झाली असंच तो गृहीत धरतो. यादी केंद्र निवडायला वापरावी. बाईच्या दारात ती यादी जाऊ नये.

खटला टिकवायचा तर

वाक्य पकडण्याचा भरवशाचा मार्ग अजूनही स्टिंग हाच आहे, आणि खटले फसतात ते तिथल्या कच्च्या कामामुळे. मदतीला तयार झालेल्या गर्भवतीची लेखी संमती आणि तिच्या तब्येतीची तपासणी आधी करायची. नोटांचे क्रमांक दोन स्वतंत्र पंचांसमोर पंचनाम्यात उतरवायचे. रेकॉर्डरचं मूळ मेमरी कार्ड सील करायचं, ऐकायला प्रत वापरायची. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, जे जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावं लागतं, तेव्हाच तयार करायचं. खटला उभा राहिल्यावर ते मिळवणं दुरापास्त होतं. यंत्र सील करताना प्रोबचे अनुक्रमांक राहिले की बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो.

गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तरी न्यायालय दखल घेतं ती समुचित प्राधिकाऱ्याच्या तक्रारीवर. नागरिकालाही १५ दिवसांची नोटीस देऊन तक्रार करता येते. पोलिसांत गुन्हा नोंदवला म्हणजे आपलं काम झालं असं समजणारा अधिकारी खटला हरतो. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. डॉक्टरला त्याहून झोंबते ती वैद्यकीय परिषदेची कारवाई. दोषारोप निश्चित झाले की नोंदणी निलंबित होते, शिक्षा झाली की पहिल्या वेळी पाच वर्षांसाठी नाव कमी होतं.

रक्ताची नळी

आता पेटी ज्या पोर्टला जोडली होती, ते पोर्टच बाजूला पडण्याची वेळ आली आहे. आईच्या रक्तात गर्भाच्या डीएनएचे तुकडे फिरत असतात. दहाव्या आठवड्यापासून त्यांवरून गुणसूत्रांचे दोष तपासता येतात, आणि वाय गुणसूत्र आहे की नाही हेही त्याच निकालात दिसतं. नमुना साध्या नळीतून कुरिअरने देशाबाहेरही जाऊ शकतो. दुसरीकडे मोबाइलला जोडायचा हातात मावणारा प्रोब आला आहे, त्याला वेगळा पडदा किंवा प्रिंटर नाही.

कायद्याच्या व्याख्येत गर्भवतीच्या रक्ताची चाचणी आधीपासून आहे, त्यामुळे नवा कायदा करत बसायची गरज नाही. गरज आहे ती नोंदी बदलण्याची. प्रयोगशाळेच्या अहवालाच्या साच्यातून लिंग गुणसूत्रांचा रकाना सॉफ्टवेअरमध्येच बंद हवा आणि तो कुणी, कधी उघडला याची नोंद आपोआप राहायला हवी. नमुना गोळा करणाऱ्या प्रत्येक केंद्राला स्वतंत्र नोंदणी लागावी, कारण आज नळी भरणारा आणि चाचणी करणारा वेगवेगळ्या शहरांत असतात आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. फॉर्मवर पाठवलेल्या नळीचा बारकोड आणि कुरिअर पावतीचा क्रमांक यावा. परदेशी प्रयोगशाळेत नमुने जात असतील तर त्यांची यादी सीमाशुल्काच्या नोंदीशी दर तिमाहीला ताडावी. हातातल्या प्रोबच्या बाबतीत विक्रेत्याने अनुक्रमांक, ग्राहकाची नोंदणी आणि ज्या मोबाइलवर तो सुरू केला त्याची ओळख, तिन्ही एकत्र कळवावीत. मग कुठल्या प्रोबने किती तपासण्या केल्या, हे सायलेंट ऑब्झर्व्हरशिवायही अॅपच्या नोंदींतून मोजता येईल आणि तो आकडा एफ फॉर्मच्या संख्येशेजारी मांडता येईल.